खिडकी कुणाची?

आमच्या शाखेतले अकौंटंटसाहेब तसे सज्जन गृहस्थ आहेत. फक्त दुसऱ्याच्या कागदात मागून डोकावायची त्यांना सवय आहे. पण तो बँकेतला जुना रिवाज आहे, त्यांना एकट्याला दोष देता येणार नाही. परवा जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर विमानाची सीट निवडत बसलो होतो. खिडकीच्या सीटवर बोट ठेवलं आणि खाली 'तीनशे रुपये जादा' अशी अक्षरं उमटली. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय हो, पंचेचाळिशी उलटली तुमची. लहान पोरासारखी खिडकी काय मागता? आणि तीही पैसे मोजून? विमानातून दिसतं काय? ढग!"

मी काही बोललो नाही. माझ्या रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. आता रजा मंजूर झाली, भोगून झाली, प्रवासही झाला. तेव्हा आता बोलतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आमच्या मराठवाड्यात, म्हणजे तेव्हाच्या हैदराबाद राज्यात, 1950 साली कुळकायदा आला. त्या काळापासून 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आम्ही ऐकत आलो. जमिनीच्या बाबतीत ती किती खरी झाली हे तलाठ्याला ठाऊक. पण तिच्याच चालीवर मी दुसरी घोषणा देतो : बघेल त्याची खिडकी. जो बघणार नाही त्यानं खिडकीत बसू नये, आणि ज्याला बघायचं आहे त्याला कुणी लहान पोर म्हणू नये. एवढंच. पण एवढंच पटवून द्यायला मला पुढची सात-आठ पानं लागणार आहेत, कारण विरोधी पक्ष फार मोठा आहे.

प्रथम माझा या विषयातला अधिकार सांगतो. मी मूळचा देगलूर तालुक्यातला, वाढलो नांदेडात आणि नोकरीनं सध्या लातुरात आहे. दुसरा आणि चौथा शनिवार हे बँकवाल्यांचे सण. त्या शुक्रवारी संध्याकाळी लातूर स्टँडवर नांदेडची गाडी लागली, की खिडकी म्हणजे काय चीज आहे हे कळतं. गाडी अजून फलाटाला टेकलेली नसते आणि खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या, एकदा तर एक सव्वा वर्षाचं लेकरू आत जाताना मी पाहिलं आहे. रुमाल टाकला की जागा आपली. या कायद्याला कलम नाही, राजपत्र नाही, कोर्ट नाही. तरी तो गावोगाव पाळला जातो. आमच्या बँकेत सात-बारा, गहाणखत, दोन जामीनदार आणि बारा सह्या असूनही कर्ज बुडतं. पण पाच रुपयांच्या रुमालावर मिळालेला ताबा एस.टी.त कुणी नाकारल्याचं मला आठवत नाही.

आणि ही खिडकी तरी कशी? काच सरकली तर सरकली. उन्हाळ्यात सरकत नाही आणि पावसाळ्यात बंद होत नाही. पुढच्या खिडकीतल्या मावशींना मळमळलं की मागच्या खिडकीतल्या माणसाला त्याचा प्रसाद मिळतो. तरी माणूस तिथंच बसतो. चाकूर जातं, अहमदपूर जातं, लोहा जातं. कुठं तूर उभी, कुठं सोयाबीन काढलेलं, कुठं लग्नाचा मांडव, कुठं नव्या दुकानाची पाटी. उतरेपर्यंत त्याला जिल्ह्याचं पीकपाणी, सोयरिकी आणि राजकारण पाठ झालेलं असतं. एस.टी.च्या खिडकीनं आमच्या पिढीला जेवढा भूगोल शिकवला तेवढा शाळेतल्या गुरुजींनी नकाशावर छडी आपटूनही शिकवला नाही.

असा हा खिडकीवर वाढलेला मराठवाडी माणूस एक दिवस विमानात बसला. 27 एप्रिल 2017 ही ती तारीख. 'उडान' योजनेतली पहिली विमानं त्या दिवशी सुटली. पंतप्रधानांनी सिमल्याहून दिल्लीच्या विमानाला निशाण दाखवलं आणि त्याच वेळी दुसरीकडं कडप्पा-हैदराबाद आणि आमचं नांदेड-हैदराबादही उडालं. तासाभराच्या प्रवासाला योजनेतल्या जागांसाठी अडीच हजारांची मर्यादा. स्लीपरमध्ये वरच्या बर्थवर गुडघे पोटाशी घेऊन हैदराबाद गाठणारा माणूस हवाई चप्पल घालून हवेत गेला. पुढं ती सेवा बंद पडली, मग दुसरी आली. आमच्याकडं विमानाचं पावसासारखंच आहे, आलं की खरं. पण माणूस विमानात बसला आणि तिथं त्याला काय दिसलं? खिडकीत बसलेला एक मनुष्य पडदा खाली ओढून झोपलेला!

इथून माझं भांडण सुरू होतं.

पण त्याआधी छोटा शत्रू निकालात काढतो. हा म्हणजे वाटेकडच्या सीटचा पुरस्कर्ता. आमचे अकौंटंटसाहेब याच पंथाचे. या पंथाची तीन प्रमाणं आहेत. एक, पाय लांब करता येतात. दोन, संडासला जाता येतं. तीन, उतरताना आधी उतरता येतं.

पाय लांब करण्याबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे, की वाटेत लांब केलेल्या पायावरून आधी चहाची गाडी जाते आणि मग प्रवासी जातात. दुसरा मुद्दा संडासचा. लातूरहून नांदेडपर्यंत साडेतीन तास एस.टी.त ताठ बसणाऱ्या माणसाला विमानात पन्नास मिनिटांत दोनदा कसं जावं लागतं, हे मला आजवर कळलेलं नाही. आणि तिसरा मुद्दा आधी उतरण्याचा. विमान थांबायच्या आत ही मंडळी उभी राहतात. वर सामानाचे कप्पे, त्यामुळं मान वाकडी. खाली सीटची दांडी, त्यामुळं गुडघे वाकडे. अशा प्रश्नचिन्हाच्या आकारात ती दहा मिनिटं उभी असतात, कारण दार उघडलेलं नसतं. मी तोवर खिडकीतून सामान उतरवणारी माणसं बघत असतो. शेवटी आम्ही सगळे एकाच बसमधून जातो आणि पट्ट्यावर बॅगेची वाट बघत एकमेकांना भेटतो.

त्यातून नांदेडला पहिल्यांदा जी एटीआर जातीची पंख्यांची विमानं आली, त्यांनी तर या पंथाची फारच फजिती केली. त्या विमानाला प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं; पुढून सामान चढतं. आधी उतरायला मिळावं म्हणून पुढची रांग पकडणारे सर्वांत शेवटी उतरले, आणि ज्यांना 'मागं कुठंतरी' बसवलं होतं ते पहिल्यांदा. हे दृश्य मी खिडकीत बसून समाधानानं पाहिलं आहे.

हा झाला छोटा शत्रू. तो निदान प्रामाणिक असतो. खिडकी नको म्हणतो आणि घेत नाही. खरा शत्रू तो, जो खिडकी घेतो आणि पडदा ओढतो.

मंडळी, लग्नाच्या पंगतीत पान मांडून घ्यायचं, त्यावर वरणभात वाढून घ्यायचा आणि मग पानावर हात पालथा घालून झोपी जायचं, असं कुणी केलं तर यजमान त्याला उठवतील की नाही? विमानात मात्र असं करणारा माणूस सुसंस्कृत समजला जातो. त्याला विचारलं तर म्हणतो, "डोकं टेकायला भिंत बरी पडते." अरे बाबा, भिंतच हवी होती तर घरी होती! छताला धरून चार होत्या!

आमच्या बँकेत अशा गोष्टीला एक नाव आहे. कर्जाचा हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांहून जास्त थकलं की ते खातं अनुत्पादक होतं. एन.पी.ए. मग नोटीस जाते, दारावर माणूस जातो, शेवटी जप्ती. मी म्हणतो, हाच न्याय खिडकीला लावा. विमान वर गेल्यावर दहा मिनिटं पडदा खाली राहिला, की ती खिडकी अनुत्पादक म्हणून जाहीर करावी. हवाईसुंदरीनं एक तोंडी नोटीस द्यावी. पुढच्या पाच मिनिटांत पडदा वर झाला नाही तर खिडकी जप्त करून शेजारच्या गरजू प्रवाशाला द्यावी. झोपलेल्या माणसाला वाटेकडं सरकवताना त्याची झोप मोडू नये, एवढी सवलत द्यायला मी तयार आहे.

विमान बनवणाऱ्याला विचारा, खिडकी काय भावात पडते ती. खिडकी म्हणजे विमानाच्या अंगाला पाडलेलं भोक. ती ठेवायची म्हणजे भोवती मजबुती आली, मजबुती आली की वजन आलं. कॉमेट नावाची जेट विमानं 1954 साली दोनदा हवेत फुटली. चौकशीत असं निघालं, की खिडक्या-झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशी ताण साचून धातू थकला आणि तडे गेले. तेव्हापासून खिडक्यांचे कोपरे चांगले गोल करतात. काचेच्या खालच्या बाजूला सुईएवढं छिद्र असतं, ते हवेचा दाब वाटून देण्यासाठी आणि काचेवर वाफ धरू नये म्हणून. म्हणजे माणसं मेली, तज्ज्ञ बसले, कोपरे गोल झाले, छिद्र पडलं. आणि एवढं सगळं झाल्यावर हा गृहस्थ पडदा ओढतो!

विमान कंपन्यांनाही मी सोडणार नाही. नाव मात्र कुणाचंच घेत नाही, कारण मला पुन्हा प्रवास करायचा आहे. एकदा मी जादा पैसे भरून खिडकीची सीट घेतली. जाऊन बसलो तर डाव्या हाताला प्लॅस्टिकची भिंत! पुढची खिडकी पुढच्याच्या कानाशी, मागची मागच्याच्या कानाशी, आणि मी मधोमध, दोन संस्थानांच्या हद्दीवर सापडलेल्या गावासारखा. चौकशी करता कळलं, की खिडक्या बसवतो विमानाचा कारखाना आणि सीटा किती अंतरावर बसवायच्या ते ठरवते कंपनी. एखादी रांग जास्त बसवली की सीट एकीकडं आणि खिडकी दुसरीकडं. आमच्याकडं कुणी शेत गहाण ठेवलं आणि मोजणीत ते शेत नदीत निघालं, तर त्या माणसावर फौजदारी होते. इथं भिंतीला खिडकी म्हणून पैसे घेतात आणि वर 'आपला प्रवास सुखाचा होवो' म्हणतात.

आता कुणी म्हणेल, नुसती तक्रार करता, खिडकी निवडावी कशी ते सांगा. सांगतो. हा माझ्या दहा वर्षांच्या अभ्यासाचा अर्क आहे, आणि तीनशे रुपये न घेता देतो आहे.

पहिलं, सूर्य. ज्या बाजूला सूर्य त्या बाजूला बसू नये. डोळे दिपतात, काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो आणि खाली नुसता पांढरा धुरळा दिसतो. सावलीच्या बाजूला बसलं की खालची जमीन रंगासकट दिसते. शिवाय खाली ढग असले तर ढगांवर आपल्याच विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं वाटोळं कडं उमटतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याला दिसलं म्हणून जे प्रसिद्ध झालं, तेच हे इंद्रवज्र. गिर्यारोहक त्यासाठी पाऊसपाण्यात गड चढतात आणि तरी बहुतेकांना ते दिसत नाही. तुम्हाला बसल्या जागी दिसतं. अकौंटंटसाहेब, 'ढग' म्हणालात ना? ते हे ढग.

दुसरं, पंख. मोठ्या जेट विमानांचा पंख खिडकीच्या खाली असतो. मधल्या रांगांत बसलं की सबंध महाराष्ट्र पंखाखाली झाकून जातो. तेव्हा पंखाच्या पुढं तरी बसावं, नाहीतर पार मागं. एटीआरचा पंख मात्र डोक्यावर असतो, छत्रीसारखा. कुठंही बसा, खाली मोकळं. शिवाय ती मोठ्या जेटइतकी उंच जात नाहीत, त्यामुळं खालची वस्ती ओळखू येते. खिडकीवाल्याच्या दृष्टीनं असं विमान नाही. गरिबाच्या योजनेत गरिबाला नकळत उत्तम माल मिळाला, अशी ही एकुलती एक घटना असावी.

तिसरं, दिशा. नांदेडहून हैदराबाद म्हणजे साधारण दक्षिणेला, किंचित पूर्वेकडं. सकाळी जाताना ऊन डावीकडं, म्हणून उजवीकडं बसावं. संध्याकाळी परत येताना सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डावीकडं. म्हणून पुन्हा उजवीकडंच बसावं. जाताना उजवी, येताना उजवी. इतका सोपा नियम रिझर्व्ह बँकेनंही आजवर काढलेला नाही.

आणि हाच नियम मी एकदा मोडला. ती गोष्ट सांगतो, कारण साहेबांच्या 'दिसतं काय?' या प्रश्नाचं माझ्याकडं एवढंच उत्तर आहे.

विमान सुरू झालं त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आईच्या डोळ्याचं निघालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा फार पिकलेला. हैदराबादला न्यायचं ठरलं. रेल्वेनं रात्रभर नको म्हणून विमान. सीट निवडायला पैसे पडत होते, ते मी वाचवले. कारकुनी बुद्धी! म्हटलं, तासाभराचा प्रवास, कुठंही बसवतील. त्यांनी कुठंही बसवलं. मला एकीकडं आणि आईला चार रांगा पुढं, उजव्या बाजूला, वाटेकडं. खिडकीत एक सुटाबुटातले गृहस्थ. पडदा खाली.

आईला वाटेत आपलं गाव लागणार हे मीच सांगून ठेवलं होतं. हवाई रस्त्याचा काही सातबारा नसतो. पण नकाशावर नांदेड-हैदराबाद सरळ रेघ ओढली की देगलूर तिच्या उजव्या हाताला जवळच येतं. आईनं त्या गृहस्थांना विचारलं, "लेकरा, ते जरा वर करता का? आमचं गाव लागायलंय." मी उठून तिच्यापाशी गेलो होतो, म्हणून उत्तर माझ्या कानांवर पडलं. ते म्हणाले, "आजी, तुम्हाला तसंही काय दिसणार?"

ते वाईट माणूस नसावेत. आईचा डोळा पांढरट झालेला दिसतच होता. रात्रीची झोप राहिली असेल. पण मला त्यांचा राग आला तो आजतागायत उतरलेला नाही. उतरण्याच्या आधी हवाईसुंदरीनं सगळ्यांचे पडदे वर करायला लावले. तो नियमच असतो. काही झालं तर बाहेर काय आहे ते दिसावं आणि डोळ्यांना बाहेरच्या उजेडाची सवय असावी म्हणून. तेव्हा कुठं आईच्या अंगावर ऊन पडलं. तिनं मान तिकडं वळवली आणि विचारलं, "गेलं का रं गाव?" गाव मागं राहून अर्धा तास झाला होता.

मंडळी, 'तसंही काय दिसणार' हे वाक्य आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना नवं नाही. त्याची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. दुष्काळ पडला की हवाई पाहणी होते. अतिवृष्टी झाली की हवाई पाहणी होते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. आणि 2025 च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात एवढं पाणी झालं, की रानं खरवडून गेली. दोन्ही वेळा खालचा माणूस वर बघत होता. पाहणीच्या हेलिकॉप्टरमध्ये सगळ्याच सीटा खिडकीच्या असतात, पडदाही नसतो. तेव्हा नुसती खिडकी मिळून भागत नाही, हे मी कबूल करतो. बघणारा लागतो. खालच्या रेघांमधली एखादी रेघ ज्याची स्वतःची आहे, असा माणूस लागतो.

तर आईचं ऑपरेशन झालं. डोळ्याला मोठा काळा चष्मा आला. चार दिवसांनी परतीचं तिकीट काढताना मी पैसे भरले. आणि इथं नियमाची अडचण आली. विमान संध्याकाळचं. नियमाप्रमाणं उजवीकडं बसायचं. पण येताना गाव पडणार डावीकडं, आणि सूर्यही डावीकडं! मी कागदावर आकृती काढून बसलो. शेवटी आईच म्हणाली, "डॉक्टरनं चष्मा कशाला दिलाय मग? उन्हालाच ना?" बी.कॉम.ला हे सुचलं नाही. डावीकडची खिडकी घेतली. तिला खिडकीत बसवलं, मी वाटेकडं. होय, वाटेकडं.

विमान वर आलं. आई काचेला नाक लावून बसली. मंजिरा नदी दिसली. आमची मांजरा कर्नाटकातून फिरून तेलंगणात जाते तिथं तिला मंजिरा म्हणतात. निझामसागरचं पाणी उन्हात परातीसारखं चमकत होतं. आईनं विचारलं, "हे कुणाचं पाणी?" मी म्हटलं, "आपलंच. बीड-लातूरकडून येतं." ती म्हणाली, "मग इकडं काय करतंय?" या प्रश्नावर मोठमोठे लवाद बसले आहेत, तेव्हा मी गप्प राहिलो.

मग शेतं लागली. तिरप्या उन्हात प्रत्येक बांधाची सावली पडलेली, त्यामुळं सगळ्या रेघा उठून दिसत होत्या. हरभऱ्याचे हिरवे तुकडे, ज्वारीचे फिकट, मध्येच काळी पडीक जमीन. एका पाझर तलावाशेजारी घरांचा पुंजका दिसला. आई म्हणाली, "हेच." ते आमचंच गाव होतं की शेजारचं, देव जाणे. मी 'हो' म्हटलं.

आता आमच्या घरचं एक सांगायला हवं. वडील आणि काका यांच्यात बांधावरून दावा होता. दोघांच्या शेतांमधला बांध काकांनी दीड हात सरकवला असं वडिलांचं म्हणणं, आणि तो मुळात वडिलांनीच सरकवला होता असं काकांचं. एकवीस वर्षं तारखा पडल्या. त्या दीड हातात जेवढं पिकलं असतं त्याच्या शंभरपट वकिलाच्या घरी गेलं. दावा चालू असतानाच वडील गेले. काका आले, दहाव्यापर्यंत राहिले, आणि निघताना आईशी बोलले नाहीत. मग दाव्यात वडिलांच्या जागी माझं नाव लागलं. वारसाहक्क!

आई बराच वेळ खाली बघत होती. मग काचेवर बोट ठेवून म्हणाली, "बांध कुठला रं आपला?"

मी म्हटलं, "आई, इतक्या वरून कसा कळणार? सगळ्या रेघाच."

"तेच म्हणायलेय मी," ती म्हणाली. "सगळ्या रेघाच."

मग विमान खाली येऊ लागलं. डावीकडं विष्णुपुरीचं पाणी, गोदावरी, नांदेडचे दिवे लागत होते. आई काही बोलली नाही. बाहेर रिक्षात बसल्यावर म्हणाली, "फोन लाव तुझ्या काकाला." मला वाटलं ऑपरेशनचं सांगायचं असेल. अकरा वर्षांत त्या नंबरावर मी फोन लावला नव्हता. लावून तिच्या हातात दिला. पलीकडून काकांचा मोठा आवाज मलाही ऐकू येत होता. कोण, काय, कशाला, असं काही त्यांनी विचारलं नाही. एकदम म्हणाले, "वैनी, इमानात बसलात म्हणं. खिडकी भेटली का?"

सबंध गावात तीच एक चौकशी महत्त्वाची आहे हे ज्याला कळतं, त्या माणसाशी दावा कसा चालवायचा?

पण दावा चालू आहे. कोर्टाचं कामकाज असं फोनवर मिटत नाही. तडजोडीचा अर्ज दिला आहे, त्यालाही तारखा पडतात. फरक एवढाच, की हल्ली तारखेला मी आणि काका देगलूरच्या एकाच एस.टी.नं जातो. रुमाल मी टाकतो. खिडकीत काका बसतात, आणि चाळीस वर्षं पाहिलेला रस्ता पुन्हा पहिल्यापासून बघतात. पडदा नाही, काच सरकत नाही, धूळ येते. काकांची तक्रार नाही.

अकौंटंटसाहेबांना मी हे सगळं सांगितलेलं नाही. पण परवा ते मुलीकडं पुण्याला निघाले होते. माझ्या टेबलापाशी आले, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "काय हो, लातूरहून पुण्याला सकाळच्या गाडीनं जाताना ऊन कोणत्या बाजूला येतं?"

मी सांगितलं. तीनशे रुपये घेतले नाहीत. रजा अजून त्यांच्याच सहीनं मंजूर होते.